गुळवेलवाल्या काकांचा गॉगल

माझा पाय एका जागी ठरत नाही. एसटीत कंडक्टर होते. नाशिक-पेठ, नाशिक-हरसूल, कधी चांदवडकडची फेरी. निम्मं आयुष्य उभ्यानं गेलं. कंडक्टरला हक्काची सीट असते म्हणा, पण तिच्यावर कायम कुणाचं तरी गाठोडं नाहीतर कुणाची तरी लेकुरवाळी सून. गेल्या वर्षी निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. चहासुद्धा ओट्याशी उभी राहून पिते. आमचे हे म्हणतात, "अगं, नोकरी संपली तुझी. आता तरी टेक जरा." मी म्हणते, "माझ्या वाटचं तुम्हीच टेका."

आणि ते टेकतातच. पाथर्डी फाट्याकडे आमचं रो-हाऊस आहे, दारात कडुनिंब आहे आणि निंबाखाली यांची लाल प्लॅस्टिकची खुर्ची. निंबावर गुळवेल चढलेली. हे सगळं रामायण झालं ते त्या वेलीपायी.

वेल आली लॉकडाऊनमध्ये. हे अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि यांच्या निवृत्तीचा दिवस नेमका त्याच काळात आला. ना निरोप समारंभ, ना हार, ना भाषण. गेटवरच्या वॉचमननं लांबूनच हात केला आणि हे घरी आले. जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "झालं." मी तो डबा घासायला घेतला. गाड्या बंद म्हणून मी घरात येरझाऱ्या घालत होते आणि हे दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसत होते.

तेव्हा यांच्या मोठ्या बहिणीनं हरसूलच्या बाजूच्या गावाहून एका भाजीच्या टेम्पोतून गुळवेलीची कांडी पाठवली. बोटाएवढी जाड, वाळकी, वरची साल कागदासारखी सुटलेली. मला वाटलं सरपणच आलं. यांनी ती निंबाच्या बुंध्याशी खोचली आणि रोज तांब्याभर पाणी घालायला लागले. पावसाळ्यात तिनं जी उसळी घेतली! पत्त्यातल्या बदामासारखी पानं, पोपटी, तुकतुकीत. पुढच्या वर्षी सगळा निंब तिनं गुंडाळून टाकला.

ते दिवस काढ्यांचे होते, सगळ्यांना आठवत असतील. घरोघरी पातेली उकळत होती. कुणीतरी सांगितलं की कडुनिंबावर चढलेली गुळवेल ती खरी, बाकीच्या नुसत्या नावाच्या. झालं, सकाळी सकाळी आमच्या फाटकाशी पिशव्या घेऊन माणसं उभी. हे विळीनं कांडी आडवी चिरून दाखवायचे, "हे बघा, आत चक्र दिसलं पाहिजे. साल खरवडली की हिरवीगार. रात्री भिजवायची, सकाळी खलबत्त्यात ठेचायची, निम्मं पाणी आटवायचं." लोक मान हलवायचे. पोरंसोरं यांना गुळवेलवाले काका म्हणायला लागली. कारखान्यानं जो मान दिला नाही तो यांना दारातल्या वेलीनं दिला. मला खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

साथ ओसरली तशी लोकांची हौस ओसरली. यांची नाही. मीही काही दिवस प्यायले आणि एक दिवस स्पष्ट सांगितलं, "मला नको बाई, दिवसभर तिकीट फाडताना तोंड कडूझार राहतं." हे मात्र नेमानं. आधी चहाचा छोटा कप होता, त्याचा मोठा कप झाला, मग स्टीलचा पेला. मी एकदा म्हटलं, "अहो, किती पिता?" तर म्हणाले, "अमृता म्हणतात तिला. अमृत काय कुणी चमच्यानं मोजून पितं?"

आता यंदाचं सांगते.

उन्हाळ्यात यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून काळा गॉगल मिळाला, कडेनंसुद्धा झाकणारा, अगदी सिनेमातल्या खलनायकासारखा. थोडे आठवडे घातला, मग तो कपाटात गेला. नवरात्र आलं आणि बघते तर गॉगल परत डोळ्यांवर. "आता कशाला?" तर म्हणे, "ऊन खुपतं." ऑक्टोबरचं ऊन खुपतंच, म्हणून मी सोडून दिलं. पण यांचं जेवण तुटलं. भाकरी समोर ठेवली की वास नको म्हणायचे. रात्रंदिवस अंग खाजवायचे, फणीच्या टोकानं पाठ खाजवायचे. "पित्त आहे," म्हणायचे. मला चैन पडेना. मी बाजारात जाऊन कोथिंबीर विसरून यायचे, गॅसवर दूध ठेवून अंगणात फिरायचे. काहीतरी बिघडलंय, एवढंच कळत होतं.

मग एका सकाळी हे मागच्या अंगणात नळावर तोंड धूत होते. गॉगल दोरीवर अडकवलेला. मी कपडे वाळत घालत होते. यांनी ओल्या चेहऱ्यानं वर बघितलं आणि उन्हात मला डोळे दिसले. हळदीत बुडवून काढल्यासारखे. माझ्या हातातला पायजमा मातीत पडला.

"अहो, कावीळ झालीय तुम्हाला!"

"हळू बोल," हे म्हणाले आणि आधी गॉगल घेतला.

त्याच दिवशी मुंबई नाक्याकडच्या दवाखान्यात नेलं. मी रक्ताच्या तपासणीच्या रांगेत उभी होते तेव्हा डॉक्टर मॅडमनी यांना आत बोलावलं. बाहेर आले ते छाती पुढे काढूनच. म्हणाले, "विचारलं तिनं, कुठलं औषध चालू आहे? म्हटलं, मॅडम, या वयात एक गोळी घेत नाही मी. डोळ्यांचे थेंब होते, तेही संपले."

"आणि काढा? तो सांगितला का?"

"काढा काय औषध आहे? घरचंच तर आहे."

हे खोटं बोलले नव्हते. आमच्याकडे औषध म्हणजे मेडिकलमधून पाकिटात येतं ते. दारातलं पान, डब्यातली हळद, खलबत्त्यातली कांडी, ते कुणी डॉक्टरला सांगतं का? सांगितलं तर उलट डॉक्टरच हसेल अशी भीती. पण मला ते टोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, मॅडम बाहेरगावी गेल्यात, दिलेल्या तारखेलाच या. मी फोन ठेवला आणि परत अंगणात फेऱ्या सुरू.

तेवढ्यात आक्का आल्या. आक्का म्हणजे ती कांडी पाठवणारी यांची बहीण. कुणी कळवलं कोण जाणे, हरसूलच्या गाडीनं उतरून पिशवी घेऊन थेट दारात. भावाचा गॉगल काढला, डोळे बघितले आणि पदर तोंडाला लावला. मग डोळे पुसले आणि कामाला लागल्या. "दवाखान्यानं कावीळ जात नाय. हिला माळच पायजे."

माझ्या हरसूलच्या फेऱ्यांत अशा माळा घातलेली माणसं मी पाहिली होती. गुळवेलीच्या ओल्या कांडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. सुई टोचायची नाही. दोऱ्याच्या फासात एकेक तुकडा अडकवून माळ गुंफायची, अगदी तोकडी, डोक्यावर चुंबळीसारखी बसेल एवढीच. मग ती वाढते. डोक्यावरून गळ्यात उतरते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. माळ जसजशी उतरते तसतशी कावीळ उतरते, असं म्हणतात.

आक्कांनी आमच्याच वेलीची माळ केली आणि भावाच्या डोक्यावर ठेवली. वर म्हणाल्या, "आन् काढा दुप्पट कर. सकाळी येकदा, सांजंला येकदा. काविळीवर गुळयेलीवाणी दुसरी चीज नाय." हे खूश झाले. बहीण आली, वेलीची बाजू घेणारं माणूस आलं!

माळ खरंच वाढली. गळ्यात आली. आक्कांनी मला हाक मारली, "बघ, बघ, उतरली!" त्यांचा चेहरा फुलला होता. माळ उतरली होती, पण डोळे आदल्या दिवसापेक्षा पिवळे होते. मला वेड लागायची पाळी आली. मी म्हटलं, "आक्का, मलाही एक माळ करून द्या."

"तुला कशापायी?"

"असू द्या, हौस."

मी ती डोक्यावर घेऊन पोळ्या लाटल्या, झाडलोट केली, दुकानात गेले. लोक बघत होते, बघू देत. माझीही गळ्यात आली. मग छातीवर. यांच्या माळेच्या बरोबरीनं, वीतभर इकडे ना तिकडे.

"हे बघा आक्का, मला तर कावीळ नाही. मग माझी कशी वाढली?"

आक्कांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुझ्या बी अंगात असंल थोडी. म्हणून तर ही अशी चिडचिड करती."

घ्या! माझं डोकं सणकलं. मी गुपचूप तिसरी माळ त्यांच्याकडून करून घेतली, शेजारणीला हवी आहे म्हणून सांगितलं आणि ती ओट्याखाली गॅसच्या सिलिंडरच्या मानेत अडकवली. ओली कांडी वाळली की आक्रसणार, आक्रसली की दोऱ्याचा फास सैल होणार, फास सैल झाला की माळ लांबणार. एवढंच तर होतं. तिसरी माळ सिलिंडरच्या मानेवरून पोटावर लोंबायला लागली तेव्हा मी आक्कांना स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"आता सांगा, सिलिंडरला पण कावीळ झाली का?"

आक्का वाकून बघत राहिल्या. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "त्याला कशाची कावीळ? त्ये तर लाल हाय."

बाहेर हे खो खो हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग मीही हसले, आक्काही हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "पोरी, मला बी कळतंय. पण मी दुसरं काय करू? मला हेच येतं." माझाही बांध फुटला. दोघी तिथेच ओट्याशी रडलो.

यांनी गळ्यातली माळ काढून खिळ्याला लावली. "माळेचं राहू दे," म्हणाले, "काढा तर खरा आहे ना." आणि संध्याकाळचा पेला प्यायले.

आक्का गावी परत गेल्या. दिलेल्या तारखेला मी यांना घेऊन गेले आणि या वेळी रांग गेली उडत म्हणून यांच्या मागोमाग केबिनमध्ये घुसले. मॅडमनी गॉगल काढायला सांगितला. बराच वेळ डोळे बघितले, रिपोर्ट बघितले. मी म्हटलं, "मॅडम, हे रोज गुळवेल पितात. गेली कितीतरी वर्षं. आणि मागच्या भेटीपासून दोन वेळा."

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काका, हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"ते काय औषध आहे?" हे म्हणाले. "कावीळ बरी करणारी वेल आहे ती, मॅडम."

"असेल. मी वेलीला वाईट म्हणत नाही. कितीतरी लोक घेतात, त्यांना काही होत नाही. पण काहींच्या लिव्हरला ती सोसत नाही. तुमच्या बाकी सगळ्या तपासण्या झाल्या, दुसरं कारण सापडत नाहीये. मला खात्री नाही, पण शंका आहे आणि बंद केल्याशिवाय ती फिटणार नाही. आजपासून एक थेंब नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पीत राहिले तर लिव्हर हातचं जाईल."

येताना स्कूटर मी चालवत होते, हे मागे. मला हुंदका यायचा आणि मी हॉर्न वाजवायचे. सिग्नलला थांबलो तेव्हा मागून आवाज आला, "गल्लीत कुणाला सांगू नकोस."

"काय?"

"कावीळ आहे म्हणून."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गॉगल उन्हासाठी नव्हताच. सगळ्या गल्लीला गुळवेल पाजणाऱ्या माणसाचे डोळेच पिवळे, हे लोकांना दिसू नये म्हणून होता. नवरात्रापासून यांना माहीत होतं. आरशात रोज बघत होते आणि रोज पेला भरत होते.

बंद केला असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. तर एका सकाळी खलबत्ता हातात घेतला, तो ओला. नाकाशी नेला, कडू वास. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"मला विधवा करायचं ठरवलंय का तुम्ही?" मी ओरडले. माझा आवाज कंडक्टरचा, मागच्या सीटपर्यंत जाणारा. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "डॉक्टर सांगतेय, मी सांगतेय, लेक तिकडे बंगळुरात फोनवर रडतेय. कुणाचंच ऐकायचं नाही?"

हे खुर्चीत बसून होते. हळू आवाजात म्हणाले, "एवढ्या लोकांना दिलीय मी. हातानं कापून दिलीय. ती जर वाईट असेल तर..."

मला त्या क्षणी कळायला हवं होतं की हा माणूस वेलीसाठी हट्ट करत नाहीये, घाबरलाय. पण माझं डोकं ठिकाणावर कुठे होतं? मी कोयता घेतला आणि निंबाच्या बुंध्याशी जाऊन वेलीवर घाव घातले. मनगटाएवढी जाड झाली होती. तुटली तेव्हा चिकट पाणी हाताला लागलं. मला वाटलं, सुटलो.

यांनी अडवलं नाही. नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "अगं, खालून तोडलीस म्हणून ती मरते का? वर बघ."

वर सगळा निंब हिरवागार होता. दुसऱ्या दिवशीही हिरवा, आठवड्यानंतरही. आणि मग फांद्यांवरून दोरे लोंबायला लागले. बारीक, शेवयांसारखे, रोज थोडे लांब. वेल वरून मुळं सोडत होती, जमीन शोधत होती. मी सकाळी उठले की आधी ते दोरे बघायचे. माझ्या डोक्याच्या वर, मग खांद्यापाशी, मग कमरेशी. तोडून टाकले तर बाजूनं दुसरे. हे स्टुलावर चढून वरच्या कांड्या काढायचे, माझ्यादेखत. आता लपवत नव्हते. बोलणं बंद होतं आमचं. मी ताट वाढायचे, ते दोन घास खायचे, पाठमोरे होऊन खाजवायचे. बनियनच्या गळ्यावर पिवळे डाग पडायचे. नवा रिपोर्ट आला तो आणखी वाईट. मॅडम म्हणाल्या, असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल, आणि तेव्हा माझ्या हातात फार काही राहणार नाही. मी घरभर फिरायचे, गच्चीवर जायचे, खाली यायचे, फाटक उघडायचे, लावायचे. कोंडलेल्या मांजरीसारखी झाले होते.

आणि मग मागच्या गल्लीतल्या ताई आल्या. ब्लाऊज शिवतात त्या. अगदी पहिल्या वर्षापासून आमच्याकडून कांडी न्यायच्या. त्या सकाळी चेहरा उतरलेला, हातात कापडी पिशवी. मी कणीक मळत होते, दारातून सगळं दिसत होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "सुनेला कावीळ निघाली हो. सातवा महिना आहे तिचा. तुमच्या बहिणीनं काकूंना माळ केली होती म्हणे, छातीपर्यंत आली होती. मलाही शिकवा. आणि काढ्याला चांगली जून कांडी द्या, निंबावरची."

हे उठले. गॉगल डोळ्यांवर होताच. स्टूल ओढलं, चढले. विळ्यानं एक जाडजूड कांडी कापली. मी पिठाच्या हातांनी दारात आले. ओरडायला तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाजच फुटेना. सात महिन्यांचं पोट माझ्या डोळ्यांसमोर आलं.

हे खाली उतरले. कांडी हातात. ताईंनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"दवाखान्यात दाखवलं का सुनेला?" यांनी विचारलं.

"दाखवलंय की. सलाईन लावलं, रक्त तपासलं. हे आपलं जोडीला."

"डॉक्टरांना सांगाल ना, ही देताय म्हणून?"

"हे काय सांगायचं डॉक्टरला?" ताई म्हणाल्या. "हे काय औषध आहे? घरचंच तर आहे."

हे तसेच उभे राहिले. कांडी धरलेला हात पिशवीवर थांबलेला. मग तो हात मागे आला. त्यांनी कांडी निंबाच्या बुंध्याशी टाकली आणि दुसऱ्या हातानं गॉगल काढला.

"ताई, जरा इकडं उन्हात या."

ताई पुढे झाल्या. यांनी बोटानं खालची पापणी ओढली, एका डोळ्याची, मग दुसऱ्या. "नीट बघा. रोज पितो मी. आज सकाळीसुद्धा प्यायलोय. डॉक्टर म्हणतात, याच्यानंच असेल. मी मानलं नाही. माझ्यापुरतं मी नाहीच मानणार होतो." पापणीवरचं बोट काढलं. "पण तुमच्या सुनेला नका देऊ. माझ्या हातानं तर मी देणारच नाही."

"अगं बाई!" ताई दोन पावलं मागे सरल्या. पिशवीची घडी करत राहिल्या, उलगडत राहिल्या. मग वळल्या आणि जवळजवळ पळतच गेल्या. पुढे काय झालं ते सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला राहील. त्यांच्या सुनेवर दवाखान्यात नीट उपचार झाले आणि मुलगी झाली, गुटगुटीत. यांचा पेला त्या सकाळपासून बंद झाला तो झालाच. डोळ्यांतला पिवळेपणा सावकाश उतरला, अगदी जीव मेटाकुटीला आणून. मॅडम म्हणाल्या, थोडक्यात वाचलात काका. आक्कांना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "दुप्पट पाज म्हणले मी. माझ्याच तोंडानं." हे म्हणाले, "आक्का, तू नसतीस तर मी हसलो नसतो." वेलीचे दोरे जमिनीला टेकले, त्यांनी मूळ धरलं. वेल आहे अजून, झाडावर शोभते.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या दिवसाचीच पुढची गोष्ट. ताई गेल्यावर मला वाटलं, हे आता आत येतील, पडतील. हे फाटक उघडून बाहेर निघाले. बोडक्या डोळ्यांनी. गॉगल खुर्चीवरच.

"अहो, कुठे निघालात? तोल जाईल."

"ज्यांना ज्यांना दिली त्यांना सांगायला नको?" मागे न बघता म्हणाले.

अंगात त्राण नाही, चार दिवस पोटात धड अन्न नाही आणि निघाले दारोदार! मी एका क्षणासाठी तिथल्या तिथे गोल फिरले, आत जाऊ की मागे जाऊ. मग पिठाचे हात पदराला पुसले, ती लाल खुर्ची उचलली आणि यांच्या मागे धावले. शेजारच्या फाटकाशी खुर्ची टेकवली. हे बसले. शेजारी बाहेर आले. यांनी पापणी ओढून डोळे दाखवले. "गुळवेल घेता का अजून? घेत असाल तर डॉक्टरला सांगा, रक्त तपासा. मला बाधलीय. तुम्हाला बाधेलच असं नाही, पण तपासा." मग पुढचं घर. मी खुर्ची उचलायची, पुढे न्यायची, टेकवायची. हे बसायचे, डोळे दाखवायचे, उठायचे. कुणी हळहळलं, कुणी पाणी दिलं, एकानं तोंड वाकडं करून म्हटलं, "इतकी वर्षं अमृत म्हणून पाजलीत, आता हे?" हे म्हणाले, "हो. माझंच चुकलं." इतकं साधं म्हणाले की तो माणूसच खाली बघायला लागला.

गल्लीच्या टोकाच्या घरापर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. तिथलं सांगून झालं. दार लागलं. यांनी माझ्याकडे बघितलं, पिवळ्याजर्द डोळ्यांनी, बऱ्याच दिवसांनी नीट.

"दमलीस ना? आता तरी टेक जरा," म्हणाले.

खुर्ची तर एकच. हे कुंपणाला धरून उठले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि तसेच कुंपणाला धरून उन्हात उभे राहिले. मी बसले. भर रस्त्यात, लोकांच्या देखत, त्या लाल खुर्चीत बसून मी ढसाढसा रडले.